कामगार संघटनांचं सभासदत्व देशोदेशी का घसरतंय? तक्ता जुळवताना पडलेले प्रश्न

तक्तेवाला

एका अभ्यासगटासाठी टिपण लिहितो आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांत युनियनच्या सभासदांचं प्रमाण का उतरलं, हा विषय. आत्तापर्यंत जमवलेला माल असा (पगारदार नोकरदारांपैकी टक्के):

अमेरिका: १९८३ मध्ये २०.१, २०२४ मध्ये ९.९
ब्रिटन: १९७९ मध्ये १ कोटी ३२ लाख सभासद, २०२४ मध्ये २२ टक्के, म्हणजे ६४ लाखांच्या आसपास
जपान: १९४९ मध्ये ५५.८, २०२४ मध्ये १६.१
ऑस्ट्रेलिया: १९९२ मध्ये साधारण ४०, २०२४ मध्ये १३.१
स्वीडन: नव्वदच्या दशकात ८० च्या वर, आता ७० च्या जरा खाली
फ्रान्स: कित्येक वर्षं १० च्या आसपास

सगळीकडे एकच कारण वाचायला मिळतं: कारखाने कमी झाले, सेवाक्षेत्र वाढलं, जागतिकीकरण आलं. पण कारखाने स्वीडनमध्येही कमी झालेच की. मग अमेरिका ९.९ वर आणि स्वीडन ७० च्या आसपास, हे कसं? आणि फ्रान्समध्ये दहातला एक जण सभासद असताना तिथे युनियन एवढ्या जोरात कशा? आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यालायक आहेत का, तेही सांगा.

---

अंशछेद

आकड्यांपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या तक्त्यातली ब्रिटनची ओळ स्वतःशीच भांडते आहे. १९७९ चे १ कोटी ३२ लाख हे युनियननी सरकारी निबंधकाकडे भरलेल्या वार्षिक विवरणपत्रांतून आलेत. त्यात निवृत्त, बेकार आणि परदेशातले सभासदही धरलेले असतात. २२ टक्के हा आकडा घरोघरच्या श्रमशक्ती पाहणीतला आहे, आणि तो फक्त सध्या नोकरीत असलेल्यांचा. पाहणीत हा प्रश्न १९८९ पासून आहे. दोन्ही मालिका चांगल्या आहेत, पण एकीचा आरंभ आणि दुसरीचा शेवट जोडून घसरण काढली की ती फुगलेली येते. एक मालिका निवडा आणि तिलाच धरून राहा.

प्रमाण काढताना अंश आणि छेद दोन्ही तपासायचे. अंशात मोठी गडबड पेन्शनरांची. इटलीतल्या सर्वांत मोठ्या महासंघाचे निम्मे सभासद निवृत्त आहेत. ते न वजा करता भागाकार केला तर इटली कुठल्या कुठे जाते. छेदात स्वयंरोजगारवाले धरायचे नाहीत, बेकार धरायचे नाहीत, फक्त पगारदार. ओईसीडीचा (मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचा) आकडेसंच ही वजाबाकी करून दर देतो, म्हणून देशांची तुलना त्यावरून करावी आणि एकाच देशाचा कालक्रम त्या देशाच्या स्वतःच्या पाहणीवरून. त्या संचाप्रमाणे सदस्य देशांची सरासरी १९८५ मध्ये ३० टक्क्यांच्या आसपास होती, ती आता साधारण निम्म्यावर आली आहे.

युनियनने स्वतः सांगितलेला आकडा कुठल्या बाजूला झुकेल हे प्रोत्साहनावर ठरतं. महासंघाला दरडोई वर्गणी भरायची असेल तर सभासद कमी दाखवले जातात; समित्यांवरच्या जागा सभासदसंख्येवर मिळत असतील तर जास्त.

अमेरिकेच्या २०२२ च्या आकड्याकडे मुद्दाम बघा. त्या वर्षी सभासद २ लाख ७३ हजारांनी वाढले आणि दर मात्र १०.३ वरून १०.१ वर उतरला. कारण पगारी नोकऱ्याच ५३ लाखांनी वाढल्या. त्या वर्षी "युनियन वाढल्या" आणि "युनियन आटल्या" असे दोन्ही मथळे खरे होते. तिथे "सभासद" आणि "करारात समाविष्ट" हेही वेगळे मोजतात: २०२४ मध्ये ९.९ आणि ११.१.

चीन तक्त्यात घेऊ नका. तिथल्या एकमेव अधिकृत महासंघाचे ३० कोटींच्या आसपास सभासद सांगतात, पण तो पक्षाचा विभाग आहे. १९८९ पूर्वीच्या पूर्व युरोपाचंही तेच. तिथे सुट्टीच्या विश्रामगृहांची कूपनंसुद्धा युनियनमार्फत मिळत, म्हणून सभासदत्व जवळपास सक्तीचं होतं. एस्टोनिया आज ६ टक्क्यांच्या आसपास आहे, ही घसरण तुमच्या कारणांनी समजावता येणार नाही.

---

भारित_सरासरी

"कारखाने गेले म्हणून सभासद गेले" हे तपासायला अर्धं पान गणित पुरतं. दोन क्षेत्रांचं काल्पनिक उदाहरण घ्या.

सुरुवातीला कारखान्यांत ४० टक्के नोकरदार, त्यांत सभासद ५० टक्के. सेवाक्षेत्रात ६० टक्के नोकरदार, त्यांत सभासद २० टक्के. एकूण: २० + १२ = ३२ टक्के.

नंतर कारखान्यांत २० टक्के नोकरदार, सभासद ३० टक्के. सेवाक्षेत्रात ८० टक्के, सभासद १२ टक्के. एकूण: ६ + ९.६ = १५.६ टक्के.

घसरण १६.४ अंकांची. आता हिस्सा बदलल्यामुळे किती आणि प्रत्येक क्षेत्राच्या आत प्रमाण उतरल्यामुळे किती, हे वेगळं काढायचं. दोन्ही काळांची सरासरी वजनं वापरा, म्हणजे शिल्लक उरत नाही. हिश्श्याचा परिणाम: कारखान्यांचा हिस्सा २० अंकांनी घटला, तिथलं सरासरी सभासद-प्रमाण ४०, म्हणून उणे ८; सेवाक्षेत्राचा २० नी वाढला, सरासरी प्रमाण १६, म्हणून अधिक ३.२. मिळून उणे ४.८. आतला परिणाम (सरासरी हिस्सा गुणिले प्रमाणातली घट): ०.३ गुणिले २० आणि ०.७ गुणिले ८, म्हणजे ६ + ५.६ = ११.६. दोन्हींची बेरीज १६.४, हिशेब जुळला.

म्हणजे या उदाहरणात तीस टक्क्यांहून कमी घसरण "कारखाने गेले" यामुळे. खऱ्या देशांचे आकडे घालून केलेल्या विभाजनांतही साधारण हेच दिसतं, की मोठा वाटा क्षेत्रांच्या आतल्या घसरणीचा असतो. उरलेल्या कारखान्यांतही सभासद कमी झालेत.

चुकतं कुठे? लोक फक्त एकाच काळाची वजनं घेतात, मग एक परस्परक्रियेचं पद (दोन्ही बदल एकदम झाल्याचा वाटा) उरतं आणि ते ज्याच्या सोयीचं त्या कारणाच्या खात्यात जातं. वरच्याच उदाहरणात सुरुवातीची वजनं घेतली तर ६ आणि १२.८ येतात, बेरीज १८.८. जास्तीचे २.४ कुठे टाकायचे यावर वाद घालत बसावं लागतं. आणि क्षेत्रं दोनच घेऊ नका, निदान सरकारी-खासगी असा तिसरा काप घ्या. अमेरिकेत २०२४ मध्ये सरकारी क्षेत्रात ३२.२ आणि खासगीत ५.९. ब्रिटनमध्ये सरकारीत निम्मे, खासगीत १२ च्या आसपास. एकूण सरासरी या दोन वेगळ्या जगांना झाकून टाकते.

---

गेंटकर

स्वीडनच्या प्रश्नाचं उत्तर बेकारभत्त्यात आहे.

बेल्जियमच्या गेंट शहरानं १९०१ मध्ये युनियनच्या बेकारनिधीला नगरपालिकेचं अनुदान देणं सुरू केलं. तेव्हापासून या व्यवस्थेला गेंट पद्धत म्हणतात: बेरोजगारीचा विमा ऐच्छिक, पैसा मोठ्या प्रमाणात सरकारचा, पण निधी चालवते युनियन. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये ती टिकली, बेल्जियममध्ये अर्धवट रूपात. कागदोपत्री निधीचा सभासद होण्यासाठी युनियनचं सभासदत्व लागत नाही, पण कामगार दोन्ही एकदमच घेत आला. नोकरी जाण्याची भीती जिथे जास्त, तिथे इतर देशांत युनियन सोडली जाते; या देशांत उलट धरली जाते.

नॉर्वे शेजारीच आहे, संस्कृती तीच, बलाढ्य युनियन, सामाजिक लोकशाहीची तीच परंपरा. त्यांनी गेंट पद्धत १९३८ मध्ये सोडून सक्तीचा सरकारी विमा आणला. आज नॉर्वे ५० च्या आसपास, स्वीडन ७० च्या जवळ. "नॉर्डिक लोकांची एकजूट" वगैरे स्पष्टीकरण देणाऱ्यांनी हा फरक आधी समजावून सांगावा.

स्वीडनच्या २००७ च्या बदलाचा अभ्यास नक्की करा, कारण असा स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. नव्या सरकारनं निधीची वर्गणी त्या-त्या निधीतल्या बेकारीशी जोडली आणि युनियन वर्गणीवरची करसवलत काढली. महिना १०० क्रोनांच्या आसपासची निधी-वर्गणी काही व्यवसायांत ३०० च्या पुढे गेली. हॉटेल, बांधकाम अशा ठिकाणी जास्त, कारण तिथे बेकारी जास्त. प्रमाण २००६ मध्ये ७७ होतं, २००८ मध्ये ७१. दोन वर्षांत सहा अंक, आणि त्या दोन वर्षांत ना कारखाने अचानक बंद झाले ना लोकांचे विचार बदलले. कामगार आणि कारकुनी-तांत्रिक कर्मचारी २००६ मध्ये दोघंही ७७ वर होते. आज पहिले ६० च्या आसपास, दुसरे ७३ च्या आसपास. ज्यांची वर्गणी जास्त वाढली ते जास्त गळाले.

फिनलंडमध्ये सरकारनं काही केलंच नाही. १९९२ मध्ये युनियनशी संबंध नसलेला एक स्वस्त बेकारनिधी निघाला, आणि लोकांनी विमा तिथून घेतला. आज तो देशातला सर्वांत मोठा निधी आहे. सेवा आणि सभासदत्व यांची गाठ सुटली की काय होतं याचं याहून टोकाचं उदाहरण इस्रायलमध्ये आहे. तिथे देशातल्या सर्वांत मोठ्या आरोग्य निधीसाठी महासंघाचं सभासदत्व लागत असे. १ जानेवारी १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा लागू झाला, गाठ तुटली, आणि लाखो "सभासद" नाहीसे झाले. ते दवाखान्याचे ग्राहक होते.

उलट बाजूला आइसलंड, ९० टक्क्यांच्या वर. वर्गणी व्यवहारात सगळ्यांच्याच पगारातून कापली जाते, आजारपणाचा निधी आणि सुट्टीची घरं युनियनच्या हातात.

---

तक्तेवाला

गेंटकर, हे फार उपयोगी पडलं. पण मग जिथे अशी व्यवस्था कधी नव्हतीच, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, तिथे काय? लोक राजीनामे देऊन बाहेर पडतात, की मुळात येतच नाहीत?

---

भरती_गळती

येत नाहीत. राजीनामे हा त्यातला किरकोळ भाग असतो.

हजार नोकरदारांची एक जागा घ्या, ३०० सभासद. दरसाल १५ टक्के लोक नोकरी बदलतात किंवा निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. म्हणजे वर्षाला ४५ सभासद आपोआप जातात, कोणी नाराज न होता. प्रमाण ३० वर ठेवायचं तर १५० नव्या लोकांतले ४५ दरवर्षी सभासद करून घ्यावे लागतील. समजा पाचातला एकच येतो, म्हणजे ३०. पहिल्या वर्षअखेर २८५, पाच वर्षांनी २४४, दहा वर्षांनी २२०, आणि शेवटी २०० वर जाऊन थांबतं. सूत्र साधं आहे: प्रमाण नव्यांच्या भरतीदराकडे सरकत जातं, वेग गळतीवर ठरतो. किरकोळ विक्री किंवा हॉटेलात गळती ६० टक्के असेल तर हाच प्रवास दोन-तीन वर्षांत उरकतो. तिथल्या युनियनना सतत पळत राहावं लागतं ते जागच्या जागी राहण्यासाठीच.

वयोगट बघितले की हे लगेच दिसतं. अमेरिकेत १६ ते २४ वयात सभासद ४ टक्क्यांच्या आसपास, ४५ ते ५४ मध्ये १२-१३.

आता नवे का येत नाहीत? आवड नाही म्हणून, असं म्हणणं अवघड आहे. गॅलपच्या जनमत चाचणीत युनियनना पसंती २००९ मध्ये ४८ टक्के होती, २०२२ मध्ये ७१, आणि याच काळात सभासद-प्रमाण उतरत राहिलं. अडचण प्रवेशाच्या दारात आहे. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याप्रमाणे युनियन मिळवायची ती एकेका आस्थापनेत. ३० टक्के कामगारांच्या सह्यांची कार्डं जमवून सरकारी श्रमसंबंध मंडळाकडे मतदानासाठी अर्ज करता येतो. पण जाणते संघटक ६०-७० टक्के झाल्याशिवाय अर्ज देत नाहीत, कारण अर्ज आणि मतदान यांच्यामधल्या आठवड्यांत मालकाचे सल्लागार येतात, पाठिंबा गळतो. संघटकाला बेकायदा काढून टाकलं तर शिक्षा काय? परत कामावर घेणं आणि बुडालेला पगार, तोही मधल्या काळात इतरत्र कमावलेलं वजा करून. दंड नाही. मोठ्या कंपनीला हा खर्च परवडतो आणि बाकीच्यांना जरब बसते. जिंकल्यावरही पहिला करार व्हायला सरासरी वर्षाहून जास्त लागतं; तोवर मतदान केलेल्यांपैकी बरेच लोक गळतीनं गेलेले असतात.

कॅनडा तुलनेला घ्या. कंपन्या बऱ्याच त्याच, उद्योगांची रचना जवळपास तीच, पन्नास-साठच्या दशकात दोन्ही देश ३० टक्क्यांच्या आसपास. आज कॅनडा अजूनही ३० च्या जवळ. काही प्रांतांत कार्डांवरच मान्यता मिळते, मतदान लागत नाही. शिवाय १९४६ च्या एका लवादनिर्णयापासून रुळलेली पद्धत अशी की करारात येणाऱ्या प्रत्येकाच्या पगारातून वर्गणी कापली जाते, सभासद असो वा नसो. खासगी क्षेत्रात तिथेही घसरण आहे, १५-१६ पर्यंत, पण ५.९ नव्हे.

---

अंशछेद

भरती_गळतीला पुस्ती: वर्गणी कशी गोळा होते हे फार कमी लोक तपासतात. पगारातून कापणं बंद झालं की प्रत्येक सभासदाकडून बँकेचा आदेश नव्यानं भरून घ्यावा लागतो. विरोध नसलेले, नुसते आळशी लोकही इथे गळतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं २०११ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी तीन गोष्टी एकदम केल्या: कपात बंद, वाटाघाटी मूळ पगारापुरत्या (तीही महागाईच्या मर्यादेत), आणि दरवर्षी पुनर्मान्यतेचं मतदान. त्या मतदानात हजर मतदारांचं नव्हे तर पात्र असलेल्या सर्वांचं बहुमत हवं. राज्याचं प्रमाण २०१० मध्ये १४.२ होतं, २०१५ मध्ये ८.३. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या जेनस निकालानंतर देशभर सरकारी क्षेत्रात बिगरसभासदांकडून शुल्क घेणं बंद झालं. त्याचा धक्का भाकितांपेक्षा सौम्य होता, कारण युनियननी निकालाआधीच एकेका सभासदाकडे जाऊन नव्या सह्या घेतल्या होत्या.

---

रोखठोक

सगळं कायद्यावर ढकलून मोकळे. नेते म्हातारे झाले, कायम नोकरीवाल्यांपुरतं बघतात, कंत्राटी माणसाला विचारत नाहीत. हे कोण बोलणार?

---

कारखाना_युनियन

बोलू. जपानचं उदाहरण तुमच्या बाजूचं आहे. तिथल्या बहुतेक युनियन एकेका कंपनीच्या, आणि कायम नोकरीत लागलं की सभासदत्व आपोआप. परिणामी युनियनला भरतीचं काम शिकावंच लागलं नाही. मग कंपन्यांनी अर्धवेळ आणि मुदतीची माणसं वाढवली, युनियनचे नियम त्यांना आत घेत नव्हते, छेद वाढत गेला आणि अंश वाढला नाही. अर्धवेळ कामगारांत आज सभासद साडेआठ-नऊ टक्के. तो आकडाही वर आलाय तो मुख्यतः एका युनियनमुळे: वस्त्रोद्योग आणि किरकोळ विक्रीतल्या यूए झेनसेननं ठरवून अर्धवेळ माणसं घेतली, आणि ती आज देशातली सर्वांत मोठी युनियन आहे, निम्म्याहून जास्त सभासद अर्धवेळ. म्हणजे नेतृत्वाच्या निवडीनं फरक पडतो, मान्य.

पण कोरिया बघा. तीनशेहून अधिक कामगारांच्या आस्थापनांत प्रमाण ३७ च्या आसपास, तीसपेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी ०.१. नेते तेच, कायदा तोच. वाटाघाटी कंपनीपातळीवर असतील तर दहा माणसांच्या वर्कशॉपात युनियन काढायला तेवढेच कष्ट, तेवढेच वकील, आणि वर्गणी दहा जणांची. हा हिशेब कोणत्याही नेत्याला जमणारा नाही. ब्रिटनच्या १९९९ च्या कायद्यात सक्तीच्या मान्यतेची तरतूद आली तेव्हा २१ पेक्षा कमी कामगारांचे मालक सरळ वगळले होते. मोठी कंपनी तुकड्या-तुकड्यांत ठेकेदारांना काम देते तेव्हा सभासद-प्रमाण पडण्याचं हेच कारण. काम तेच, माणसं तीच, पण आस्थापना छोटी झाली.

---

करारपत्र

फ्रान्सचा प्रश्न राहिलाच.

तिथे सभासद-प्रमाण १० च्या आसपास आणि करारांची व्याप्ती (युनियनचा करार लागू असलेल्या नोकरदारांचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या वर. उद्योगपातळीवर झालेला करार श्रममंत्रालय त्या उद्योगातल्या सगळ्या मालकांना लागू करतं, म्हणून सभासद नसलेल्यालाही तोच पगार, तीच रजा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सोय कायद्यानंच करून दिलेली. युनियनला सभासदांनी अधिकार मिळत नाही, मतांनी मिळतो. २००८ च्या कायद्यापासून कंपनीत प्रतिनिधित्व हवं असेल तर कामगार समितीच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत १० टक्के मतं हवीत. म्हणजे तिथली युनियन मतदार असलेल्या पक्षासारखी चालते. वर्गणीच्या ६६ टक्के रक्कम कर-सवलतीतून परत मिळते, तरी लोक सभासद होत नाहीत; "वर्गणी महाग म्हणून" हे कारण तिथे तरी बाद.

म्हणून तक्त्यात व्याप्तीचा स्तंभ टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही स्तंभ शेजारी आले की जर्मनी जास्त चिंतेची दिसेल. जर्मन महासंघाचे सभासद १९९१ मध्ये १ कोटी १८ लाख, आता ५६ लाखांच्या आसपास, आणि व्याप्तीही निम्म्या नोकरदारांपर्यंत खाली आली. तिथे उद्योगाचा करार फ्रान्ससारखा सर्रास सगळ्यांवर लादला जात नाही, तो मालकांच्या संघटनेच्या सभासदांना बांधतो. नव्वदच्या दशकापासून मालकसंघटनांनी "करारबंधनाविना" असा सभासदत्वाचा वेगळा प्रकार काढला: सल्ला, वकील, लॉबी सगळं मिळेल, करार पाळायची सक्ती नाही. घसरणीचा निम्मा इतिहास मालकांच्या गळतीचा आहे आणि सभासद-प्रमाणाच्या आलेखात तो दिसतच नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या किमान वेतन निर्देशात म्हणूनच ८० टक्के ही खूण व्याप्तीची ठेवली आहे. तिच्याखाली असलेल्या देशाला ती वाढवण्याचा आराखडा करावा लागतो.

---

तक्तेवाला

व्याप्तीचा स्तंभ टाकतोय. भारत या तक्त्यात बसवता येईल का? आणि शेवटचं: प्रतिकूल कायदा रद्द केला तर प्रमाण परत वर जातं का?

---

अंशछेद

भारत त्याच तक्त्यात नको, वेगळी टीप द्या. नोंदणीकृत युनियनची जी बेरीज छापली जाते ती फक्त विवरणपत्र भरणाऱ्यांची, आणि भरणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते. तो आलेख काढला तर विवरणपत्रं भरण्याच्या सवयीचा आलेख निघेल. केंद्रीय महासंघांची पडताळणी १९८९ आणि २००२ या वर्षांची आहे. त्यांत पडताळलेले सभासद साधारण दुप्पट झाले, घटले नाहीत. शेतमजूर, बिडी, बांधकाम अशा असंघटित क्षेत्रांतली भरती त्यात मोठी आहे. छेदाचा प्रश्न तर आहेच: काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाले निम्म्याहून जास्त असतील तर "पगारदारांपैकी टक्के" हे माप अपुरं पडतं.

---

भरती_गळती

कायदा रद्द केल्यावरचं: खाली येताना झपाट्यानं, वर जाताना अगदी हळू, किंवा मुळीच नाही. न्यूझीलंडच्या १९९१ च्या रोजगार करार कायद्यानं दशकभरात प्रमाण निम्म्याहून खाली आणलं. २००० मध्ये तो रद्द होऊन युनियनना अनुकूल कायदा आला. घसरण थांबली, प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं, पुढे पुन्हा थोडं उतरलं. स्वीडननंही २०१४ मध्ये बेकारनिधीच्या वर्गणीतली ती वाढ मागे घेतली, पण गेलेले सहा अंक परतले नाहीत.

कारण वरच्याच गणितात आहे. भरतीदर २० वरून लगेच ३० झाला असं धरलं तरी १५ टक्के गळतीत अर्धं अंतर भरायला चार वर्षांहून थोडं अधिक लागतं. प्रत्यक्षात तो लगेच होत नाही, कारण नवा माणूस सभासद होतो तो बाजूच्या टेबलावरचा विचारतो म्हणून. ज्या विभागात सलग दहा वर्षं कोणी विचारलं नाही तिथे विचारणारा प्रतिनिधीच उरलेला नसतो, आणि तो तयार करायला कायद्यात कलम नाही. टिपणात कायद्यांच्या तारखा घालाल तेव्हा लागू झाल्याची आणि रद्द झाल्याची, दोन्ही तारखांपुढे पाच-पाच वर्षांचे आकडे ठेवा. नुसतं पुढचं वर्ष धरलं तर रद्द करण्याचा परिणाम शून्य दिसेल.

---

करारपत्र

आणि ऑस्ट्रेलियाच्या १२.५ (२०२२) ते १३.१ (२०२४) या वाढीवर टिपण संपवू नका. पाहणी दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये होते, नमुना मर्यादित असतो, ०.६ अंकांचा फरक त्यात सहज मावतो. २०२६ ची फेरी हातात आल्याशिवाय "कल बदलला" असं लिहायचं नाही.